चांदणीवाला माल

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी विहारात पंचशील चालू असताना खुशबू शिंकली आणि राजदीपच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर टरकॉईजचा एक ठिपका पडला. चार वर्षांची पोर, बापाच्या मांडीवर बसलेली. शिंक आली तर तोंड कुठं नेणार, जवळच्या बाहीत नेलं. यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की राजदीपला पहिल्या क्षणी काळजी वाटलीच नाही, कौतुक वाटलं. दोन टक्क्यांचा शेड, त्याच्यातल्या रंगाऱ्यानं सवयीनं सांगितलं, काठाला फुटलेला नाही, मध्ये गुठळी नाही, सगळीकडे सारखा. दुसऱ्या क्षणी त्याला समजलं की हा शेड आपल्या पोरीच्या नाकातून आलेला आहे, आणि माणसाच्या नाकात मूळचा टरकॉईज नसतो. तेवढ्यात शील संपलं, सगळे “साधु, साधु, साधु” म्हणाले, आणि तोही म्हणाला, पण अर्धा श्वास उशिरा, त्यामुळे त्याचा शेवटचा साधु विहारभर एकटाच घुमला. पुढच्या रांगेतल्या ठमाबाईंनी मान वळवली. ठमाबाई डोळे मिटून वंदना म्हणतात तेव्हाही कोण उशिरा आलं ते त्यांना कळतं. “का खाऊ घातलं गा पोरीले?” त्यांनी बाहीकडे पाहून विचारलं. “बर्फगोला?” “हो बाई.” “सकायी सकायी?” “हो.” खोटं बोलणार नाही हे चौथं शील त्यानं दीड मिनिटापूर्वीच घेतलेलं होतं. इतक्या ताज्या शीलाचा एवढ्या लवकर भंग बाबूपेठेत तरी कुणी केला नसेल, असं त्याला वाटलं, आणि त्यानं खुशबूला जवळ ओढलं. मग लगेच सोडलं. आपले हात कुठं कुठं लागलेत ते त्याला आता नक्की सांगता येईना.

स्वतःच्या नाकाची गोष्ट वेगळी. त्याचं स्वतःचं नाक सात वर्षं रंगीत होतं. तो कामाला होता त्या मुखरूभाऊंच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडा रंगायचा, कागद रंगायचा, आणि जे काम असेल ते संध्याकाळी रुमालावर उतरायचं. आरमोरीच्या कोसा रेशमाला तपकिरी, मुलचेऱ्याकडच्या बंगाली बायकांच्या कागदी फुलांसाठी गुलाबी, झेंड्याच्या कापडाला निळा. लाल आणि हिरवा मात्र त्याला स्वतःला वेगळा दिसत नसे, तेव्हा बायको, उर्वशी, सांगायची. “आज काय निघालं?” तो विचारायचा. “हिरवं,” ती स्वयंपाकघरातून न बघताच सांगायची, कारण सकाळीच त्यानं पताकांच्या कागदाचं काम आहे म्हणून सांगितलेलं असायचं. संसारात असा एकमेकांवर विश्वास असला की बरं असतं. लोकांच्या घरी कॅलेंडर असतं, त्यांच्या घरी रुमाल होता. यात घाबरण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. सुताराच्या केसात भुसा असतो, गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ असतं, तसंच हे. पण सुताराच्या पोरीच्या नाकातून भुसा निघाला तर सुतारानं काय समजावं? विहाराच्या पंख्याखाली बसून तो हा प्रश्न नीट, मुद्देसूद सोडवू लागला, आणि सोडवता सोडवता त्याला घरातल्या अंगणातला तो तिरका उजेड दिसला, आणि त्यानं प्रश्न सोडवणं बंद केलं.

तो उजेड संध्याकाळी सहाच्या सुमारास यायचा, भिंतीवरून उतरून अंगणात एक लांब पट्टा पाडायचा. राजदीप कामावरून यायचा, गाडी लावायचा, आणि खांद्यावरचा पंचा काढून त्या पट्ट्यात उभा राहायचा. खुशबू दारातून ओरडायची, “जादू!” मग तो पंचा दोन्ही हातांनी धरून एकदाच झटकायचा. फट्ट. हवेत रंगाचा धूर उठायचा, उजेडात तरंगायचा, हळूहळू खाली यायचा, आणि पोर त्यातून पळायची, तोंड उघडं टाकून, हात पसरून, एकदा जाताना आणि एकदा येताना. बापानं हे खूप कौतुकानं केलं होतं. इतर बाप खेळणी आणतात, आपण रंगीत हवा आणतो, असा त्याला अभिमानही होता. एखाद्या दिवशी पांढरा कोराच माल असला तर तो शेडमधून निघताना रंगाच्या डब्यांजवळ पंचा मुद्दाम थोडा घासून घ्यायचा, पोर हिरमुसू नये म्हणून. हे आठवत असताना शेजारच्या माणसानं त्याला खिरीची वाटी दिली ती त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि तशीच धरून बसला. दोन महिन्यांपासून खुशबूला खोकला होता. दुपारी निजली की छातीतून बारीक शिट्टी यायची, केटलीला यावी तशी, आणि उर्वशी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. औषधवाल्यानं आधी गुलाबी पातळ औषध दिलं, मग केशरी, मग जांभळट. राजदीपनं तीनही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या होत्या आणि जांभळा सगळ्यांत चांगला जमलाय असं मत दिलं होतं. गुण मात्र कशानंच येईना. चंद्रपुरात खोकला असला की लोक धुळीकडे, धुराकडे, उन्हाकडे बोट दाखवतात. बोटाला इथं जागा पुष्कळ. आपल्याच पंच्याकडे बोट करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आता बाहीवर तो ठिपका वाळत चालला होता, आणि वाळल्यावर टरकॉईज जसा थोडा उजळतो तसा उजळत होता.

रीता मॅडमचा छातीचा दवाखाना सुट्टीच्या दिवशीही बारापर्यंत उघडा असतो हे ठमाबाईंना माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत असतं. राजदीपनं त्यांना उठता उठता खरं सांगून टाकलं, बर्फगोला नव्हता बाई, कामाचा रंग आहे, आणि ठमाबाई म्हणाल्या, “मले का समजत नाई का? जा आधी, खीर मी संपवतो.” गाडीवर पुढं खुशबू, मागं उर्वशी, तिघेही पांढऱ्यात. जटपुरा गेटमधून जाताना त्याला एकदम असं वाटलं की आपण मागं काहीतरी सांडत चाललो आहोत. सात वर्षांत या गावात आपण कुठं कुठं हात लावला असेल? बसच्या दांड्या, चहाचे ग्लास, पोरीच्या अंगणवाडीचा फॉर्म, उर्वशीची मान, लग्नात अनोळखी नवरदेवांशी केलेली हस्तांदोलनं. आपण गावभर सांडलेलो आहोत, आणि हे लोक इतके भले की कुणी एका शब्दानं बोललं नाही. ऊन डोक्यात शिरत होतं, खुशबूच्या पाठीचा घाम त्याच्या सदऱ्याला लागत होता, आणि तो तिला चिकटू नये म्हणून मागं सरकत होता. मागं उर्वशी होती, तिच्यापासून सरकायचं तर पुढं पोर. शेवटी तो पोट आत ओढून, श्वास धरून गाडी चालवत राहिला.

रीता मॅडम वयानं लहानच होत्या, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. त्यांनी खुशबूची छाती पुढून ऐकली, पाठ ऐकली, मग राजदीपला विचारलं, “तुम्ही काय करता?” “रंगारी आहो.” “भिंतींचे?” “कपड्याचे. कागदाचेही.” “पूड असते?” “असते.” “डब्यावर काही लिहिलेलं असतं?” राजदीपनं मोबाईलमधला डब्याच्या झाकणाचा फोटो काढून दाखवला, त्याच्या मोबाईलमध्ये पोरीचे जितके फोटो होते तितकेच डब्यांचे होते, शेड नंबर लक्षात राहावा म्हणून. मॅडमनी फोटो मोठा केला. लाल चौकट, कोपऱ्यावर उभी केलेली, आत काळा माणूस, कमरेपासून वर, आणि त्याच्या छातीत एक फुटलेली पांढरी चांदणी. “हे चिन्ह माहीत आहे तुम्हाला?” “हो ना,” राजदीप म्हणाला, आणि आपल्या धंद्याचा विषय निघाला म्हणून त्याचा आवाज जरा मोकळाही झाला, “चांदणीवाला. एक नंबर माल.” मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

चांदणीवाला ही मुखरूभाऊंनी शोधून काढलेली गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी व्यापाऱ्याकडं दोन प्रकारचे डबे होते, एकावर हा माणूस, एकावर काहीच नाही. भाऊंनी दोन्हीतला रंग लावून पाहिला. माणूसवाला धुतला तरी उतरेना, बिनमाणसाचा पहिल्याच पाण्यात गेला. त्यावरून भाऊंनी निष्कर्ष काढला की ज्या कंपनीला आपल्या मालाबद्दल छातीठोक खात्री आहे ती असा माणूस छापते, आणि छातीतली चांदणी म्हणजे मनातला प्रकाश. तेव्हापासून शेडमध्ये बिनचांदणीचा डबा आला की परत जायचा. “फसवू नको बे,” भाऊ व्यापाऱ्याला फोनवर सांगायचे, “माणूस कुठी आहे त्याच्यावरचा?” एकदा एका डब्यावरचं चित्र वाहतुकीत खरवडलं गेलं होतं तर भाऊंनी भावात सूट मागितली होती, आणि व्यापाऱ्यानं, त्यालाही काही माहीत नसल्यामुळे, दिली होती. दसऱ्याला शस्त्रांना हळदकुंकू लागतं तसं भाऊ त्या माणसांना लावायचे, रांगेनं, एकेकाच्या छातीवर. राजदीप स्वतः बुद्धाला मानणारा, त्यानं कुंकू कधी लावलं नाही, पण नमस्कार करायला हरकत नाही म्हणून हात जोडलेले होते. त्या चांदणीचा अर्थ आता रीता मॅडम त्याला सांगत होत्या. ही पूड श्वासातून गेली तर छातीला कायमचं वैर धरायला शिकवते, त्या म्हणाल्या. पहिल्यांदा काहीच होत नाही, महिनोन्महिने काही होत नाही, आणि मग एक दिवस छाती ओळखायला लागते, आणि त्यानंतर चिमूटही पुरते. सगळेच रंग असे नसतात, पाण्यात भिजवलेला उडत नाही, कापडात पक्का बसलेला तर बिलकूल नाही, भानगड पुडीची. पोरीला पुडीपासून तोडा, पूर्ण. या वयात लवकर तोडलं तर छाती विसरूही शकते. “शकते,” त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि त्या शब्दावर उर्वशीनं राजदीपकडं पाहिलं. पंच्याची जादू तिनंही टाळ्या वाजवून पाहिलेली होती. “एक सांगू?” मॅडम औषध लिहिता लिहिता म्हणाल्या. “नशीब समजा की हे रंग होते. बिनरंगाची पूड असती तर तुम्हाला कधीच कळलं नसतं.”

पोरीला आणि उर्वशीला घरी सोडून तो पडोलीच्या रस्त्यानं शेडकडं निघाला तेव्हा हेच वाक्य डोक्यात घोळत होतं. रंगानं स्वतः येऊन सांगितलं. विहारात, भर वंदनेत, पांढऱ्यावर. याहून सरळ माणूस सांगत नाही. रागवावं कुणावर आणि आभार कुणाचे मानावेत याचा त्याच्या मनात असा गोंधळ झाला की दोन्ही एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि ती जागा मुखरूभाऊंची होती. सात वर्षांपूर्वी तो रेल्वेच्या भरतीला गेला होता. लेखी निघाली, धावणं निघालं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. “काय दिसतं?” “ठिपके.” “ठिपक्यात आकडा दिसतो का?” “नाही सर. पण ठिपके चांगले आहेत.” घरी आल्यावर वडील म्हणाले होते, लाल-हिरवं नाई दिसत तं नाई दिसत, झेंड्याचा निळा दिसते ना? मंग आपल्याले का पाह्यजे? हे सांत्वन मोठं होतं, पण त्याला पगार नव्हता. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तो या शेडमध्ये रंग पक्का बसवायला लागणाऱ्या मिठाची पोती उतरवायला आला. मुखरूभाऊ, आरमोरीच्या कोसा विणणाऱ्या घरातले, साठीच्या अलीकडचे, कोपरापर्यंत जांभळे, कढईपाशी उभे होते. “रंग ओळखू येते का?” “अर्धे येतात.” दुसरा कुणी हसला असता. भाऊंनी विचार केला. “कोणते अर्धे?” “निळ्याकडचे.” “बरं झालं,” भाऊ म्हणाले, “मले निळ्यात जरा गडबड होते आता. लाल मी पाह्यतो.” एवढ्यावर नोकरी. त्या नोकरीवर लग्न झालं, पोर झाली, गाडी आली. आणि भाऊंचे आभार मानायची सोय नव्हती. त्यांना ते चालत नसे. पहिल्या पगाराला राजदीप थँक्यू भाऊ म्हणाला तर भाऊ म्हणाले, “ताकद उरली वाटते. ते मिठाचं पोतं इकडं आण.” तेव्हापासून शेडमध्ये ज्याला कृतज्ञता वाटे तो आधी कंबर सांभाळत असे.

भाऊ तागडीपाशी होते. सुट्टीच्या दिवशीही ते दुसऱ्या दिवसाचा रंग जोखून ठेवत. पितळी तागडी, उघडा डबा, चमचा आणि शेवटी ती फुंकर, जी शिकायला राजदीपला वर्ष लागलं होतं: पारड्यात उरलेली कणभर पूड बोटानं झटकायची नाही, ओठ गोल करून एका फुंकरीत उडवायची, पारडं आरशासारखं. “सुट्टी ना तुले आज?” भाऊ न बघता म्हणाले. “पांढऱ्यात काऊन आला? डाग पडन ना.”

“भाऊ, खुशबू शिंकली.”

“मंग? शिंकू दे. लहान लेकरू आहे.”

“टरकॉईज निघाला.”

भाऊंचा चमचा थांबला. “किती टक्के?”

“दोन.”

भाऊंनी मान डोलावली, म्हणजे शेड त्यांना पटला, आणि मग त्यांचाही दुसरा क्षण आला. राजदीपनं तो येताना पाहिला. भाऊंच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं. मग राजदीपनं सगळं सांगितलं, पंचा, अंगण, शिट्टी, मॅडम, आणि शेवटी तो डब्यावरचा माणूस. “तो क्वालिटीचा शिक्का नाई होय, भाऊ. तो आजारी आहे. त्याच्या छातीत ते फुटून राह्यलं.” भाऊंनी रांगेतल्या डब्यांकडं पाहिलं. छातीवर मागच्या दसऱ्याचं कुंकू असलेले सोळा आजारी लोक त्यांच्याकडं पाहत होते. “चाळीस वर्षं झाले,” भाऊ हळू म्हणाले. “मले का झालं?” आणि मग ते खोकले. तो खोकला इतका जुना होता की शेडमध्ये कुणी त्याला खोकला म्हणतच नसे. भाऊ आले एवढंच त्यावरून कळायचं. पण आज दोघांनीही तो खोकला म्हणून ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तो बराच लांब होता.

“मी काम सोडतो, भाऊ,” राजदीप म्हणाला. हे बोलायला तो आला आहे हे त्याला बोलल्यावर समजलं. मिठाच्या पोत्यांनी भरलेल्या त्या जागेला एक ओलसर, खारट, थोडा गरम वास होता, आणि त्या वासाबद्दल त्याला आत्ता, सोडताना, इतकं बरं वाटत होतं की लाज वाटली. पोरीच्या छातीत शिट्टी घालणारा वास आवडतोच कसा? पण आवडत होता. सवयीनं भाऊंनी पारडं उचललं, ओठ गोल केले. फुंकर आली, ओठांपर्यंत आली, आणि थांबली. राजदीपनं सात वर्षांत ती परत जाताना पाहिली नव्हती. भाऊंनी पारडं पुडीसकट पाण्याच्या बादलीत बुडवलं, आणि पाण्यात निळी मुळं सुटत खाली जाताना दोघं पाहत उभे राहिले. “पोरीले घेऊन ये,” भाऊ म्हणाले. “नाई आणत भाऊ इथी.” “बरोबर आहे,” भाऊ म्हणाले. “मंग मी येतो.”

ते संध्याकाळी आले. गल्लीतल्या लोकांना ते आल्याचं आधीच कळलं, कारण सेहेचाळीस डिग्रीत रेनकोट घालून फिरणारा माणूस लपत नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, टोपीसकट. दोघाजणांनी वर आभाळाकडं पाहिलं, एकानं वाळत घातलेले पापड उचलले. भाऊ फाटकापाशी न येता रस्त्याच्या पलीकडं, निंबाच्या झाडाखाली उभे राहिले. “या ना भाऊ आत,” उर्वशी म्हणाली. “नाई वो बाई. तीन डाव आंघोळ केली, पण मले माह्यावर भरोसा नाई. भरलेला आहो.” घाम त्यांच्या हनुवटीवरून टपटप गळत होता. खुशबू फाटकाच्या गजांतून तोंड काढून हसत होती. मुखरूआजा हा तिच्या ओळखीत बैलाचा आवाज काढणारा एकमेव माणूस. “खोकून दाखव बेटा,” भाऊ पलीकडून म्हणाले. “नाई येत आता,” खुशबू म्हणाली. “तुमी काऊन रेनकोट घातला?” “थंडी वाजून राह्यली.” ती हसत सुटली, हसता हसता श्वास तुटला, आणि शिट्टी आली. अरुंद रस्ता, तेवढ्यात कुठलीही गाडी गेली नाही, शिट्टी पलीकडं स्पष्ट पोचली. कढईतलं पाणी कधी उकळणार ते भाऊ पाठमोरे असताना आवाजावरून सांगत. त्यांनी मान तिरपी केली आणि ऐकलं, ती शिट्टी संपेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडं. मग ते म्हणाले, “आठ दिवस शेड बंद. सोडायचं बिडायचं त्याच्यानंतर पाहू,” आणि रेनकोट चुरचुरवत निघून गेले. राजदीप फाटकात उभा होता. आपल्यापेक्षा मोठ्या माणसानं आपल्या दाराशी येऊन आत न येण्यात एवढी माया असू शकते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती मानायची कशी हेही.

नवव्या दिवशी तो शेडवर गेला तेव्हा तागडीच्या जागी मिठाईच्या दुकानाचं काचेचं काउंटर होतं. गडचांदूरच्या एका मिठाईवाल्यानं मोबाईलचं दुकान टाकलं होतं, त्याच्याकडून भाऊंनी उचललं. दर्शनी काचेवर लाल अक्षरांत ‘शुद्ध तुपातील’ असं अजून शाबूत. मागच्या सरकत्या काचा काढून तिथं जाड पत्रा ठोकलेला, पत्र्याला दोन गोल भोकं, भोकांना आतल्या बाजूनं लांब रबरी हातमोजे आवळून बांधलेले. आत तागडी, आत चमचा, आत पाण्याचा जग. डबा बाजूच्या झडपेतून आत जायचा, झडप बंद व्हायची, मग बाहेरून मोज्यांत हात घालून आतल्या आत जोखायचं, आतच पाणी घालून लगदा करायचा, आणि झडप उघडून बाहेर यायचा तो फक्त ओला रंग. “रीता बाईले दाखवलं,” भाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडावर घट्ट बसणारा मास्क होता, त्यामुळे ते बोललेलं दोनदा ऐकावं लागत होतं. “बाईनं मलेही मशीनमध्ये फुंकाले लावलं. पन्नास टक्के पडले.” राजदीपनं मनातल्या मनात शंभरातून पन्नास वजा केले. “शाळेत पस्तीसच्या वर कधी गेलो नोहतो,” भाऊ म्हणाले, आणि पुढचं दाखवू लागले. झाडू गेला होता. आता ओलं फडकं. चहा बाहेर, झाडाखाली. मागच्या बाजूला पत्र्याची न्हाणी, दोन खुंट्या, एकीवर कामाचे कपडे, दुसरीवर घरचे. कामाचे इथंच धुवायचे, इथंच वाळवायचे, घरी न्यायचं ते फक्त माणूस. पुडीचं सगळं भाऊंनी स्वतःकडं घेतलं होतं. “माह्या छातीले ओळख झालीच आहे,” ते म्हणाले. “तू ओल्याकडं पाह्य. निळा सगळीकडं सारखा बसला का नाई ते मले तसंही दिसत नाई.” राजदीप म्हणाला, नाही, आपण आळीपाळीनं करू, मोजे आहेत, काच आहे, भाऊ म्हणाले तुले पोर आहे, राजदीप म्हणाला तुमाले मी आहो. हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. नेमका त्याच वेळी रस्त्यावरून एक माणूस आत आला, काचेतून टरकॉईजच्या लगद्याकडं पाहून म्हणाला, “ही निळी बर्फी काय भाव?” आणि दोघांनी सुटकेचा श्वास टाकून त्याला हाकलायचं काम हौसेनं केलं. तो गेल्यावर राजदीप म्हणाला, “थँक्यू भाऊ.” भाऊंनी मास्कमधून काहीतरी सांगितलं. ऐकू आलं नाही, पण राजदीप जाऊन मिठाचं पोतं घेऊन आला. मग दुसरंही आणलं.

खुशबूला नवं वेळापत्रक मुळीच आवडलं नाही. बाप यायचा तो ओल्या केसांनी, साबणाच्या वासाचा, इस्त्रीच्या कपड्यांत, बँकेतल्या माणसासारखा. पहिल्या दिवशी ती उजेडाच्या पट्ट्यात उभी राहून “जादू” म्हणाली आणि त्यानं रिकामे हात पुढं केले, तेव्हा तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले आणि आत जाऊन आईला सांगितलं, “पप्पाचा रंग गेला.” तो अंगणात उभा राहिला. चार वर्षांच्या माणसाला निराश केल्याचं दुःख आणि चार वर्षांच्या माणसाला निराश करता येतंय याचं सुख, दोन्ही एकदम वाटलं, आणि त्यातलं मोठं कोणतं हे त्याला काही केल्या ठरवता येईना. उन्हाळा गेला, अंगणातला पट्टा सरकत सरकत कोपऱ्यात गेला, मॅडमनी वाफेचं औषध दिवसातून दोनदाचं एकदा केलं, मग एक दिवसाआड. शेडमध्ये ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनासाठी निळ्या झेंड्यांचं काम सुरू झालं, गाठोडीच्या गाठोडी, आणि पूड जोखायची पाळी सोमवारी राजदीपची, मंगळवारी भाऊंची. अशाच एका संध्याकाळी तो आला तर खुशबू पायरीवर पाटी घेऊन मुंग्यांची चित्रं काढत पालथी पडली होती. तो शेजारी बसला. मग वाकला आणि त्यानं तिच्या पाठीला कान लावला. फ्रॉकचं सुती कापड उन्हानं कोमट झालेलं. आत श्वास जात होता, येत होता. जाताना थोडा लांब, येताना थोडा आखूड, आणि मध्ये काही नाही. तो ऐकत राहिला. पाटीवर पेन्सिल किरकिरत होती, उर्वशी आत डाळीला फोडणी देत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली ते जाणं-येणं, साधं, कुणाच्याही पोरीचं असतं तसं. पायाला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही.

“पप्पा, का ऐकून राह्यले?” खुशबूनं विचारलं.

“काईच नाई.”

“काईच नाई तं मंग एवढा वेळ काऊन?”

“थांब,” तो म्हणाला, “अजून थोडं.”